आईबाबांखेरीज आणखी कुणीतरी

भाईंदर स्टेशनच्या पूर्वेला उतरून खाडीच्या दिशेनं चालत गेलं की जेसल पार्कची चौपाटी लागते. समोर वसईची खाडी, काठाला तिवरं, बाजूला रेल्वेचा पूल. अनंत चतुर्दशीला इथे विसर्जनाची गर्दी होते. एरवी ही फिरायला येणाऱ्यांची जागा. संध्याकाळी दोन पिढ्या इथे एकाच वेळी हजर असतात. बाकांवर साठी-सत्तरीतली माणसं, कठड्यापाशी कॉलेजातली मुलंमुली. इकडे गुडघे, पेन्शन, सोसायटीचं पाणी आणि सुनेची बदली. तिकडे परीक्षा, मॅच, कुणाचं जमलं आणि कुणाचं तुटलं. मध्ये फार तर दहा पावलांचं अंतर, आणि ते ओलांडून जाणारं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: ‘ए, आवाज कमी करा जरा!’

घरी गेल्यावरचा संवादही आपल्याला पाठ आहे. ‘जेवलास?’ ‘हो.’ ‘क्लास कसा झाला?’ ‘ठीक.’ ‘सारखा काय फोन?’ यावर उत्तर येत नाही, दार लागतं. वन बीएचकेमध्ये लावायला दार तरी असतं. वन आरकेमध्ये मुलगा कानात इअरफोन घालतो, तेच त्याचं दार. मग आई म्हणते, ‘हा आमच्याशी बोलतच नाही.’ बाबा म्हणतात, ‘आमच्या वेळी वडिलांसमोर उभं राहायची हिंमत नव्हती.’ दोघंही खरं बोलत असतात, आणि दोघंही मनातून घाबरलेले असतात.

पालकांनी मुलांशी कसं बोलावं यावर पुस्तकं निघतात, व्याख्यानं होतात. ती व्हावीतच. पण मला वाटतं की आपण प्रश्नाचा अर्धाच भाग धरून बसलो आहोत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं मनातलं सांगायचं ते फक्त आईला किंवा बाबांना, असं कधी ठरलं? आईबाबांखेरीज त्याच्याशी बोलणारं मोठं माणूस त्याच्या आयुष्यात कोण आहे? जेसल पार्कसारख्या वस्तीत हा प्रश्न जास्त टोचतो, आणि त्याची मुळं या वस्तीच्या जन्मातच आहेत.

मिठागरं, खाडी आणि नवघर, गोडदेव, खारी ही आगरी वस्तीची गावं, असा हा मूळ परिसर. मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ साली झाली, महानगरपालिका २००२ साली. जनगणनेचे आकडे पाहिले तर छाती दडपते. १९९१ साली पावणेदोन लाख, २००१ साली पाच लाख वीस हजार, २०११ साली आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक. ही माणसं आली कुठून? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो संप रीतसर कधी संपलाच नाही. पुढच्या वर्षांत लालबाग-परळच्या कितीतरी खोल्या विकल्या गेल्या आणि कुटुंबं उपनगरांच्या टोकाला, भाईंदर, वसई, विरार, डोंबिवलीला गेली. गिरगाव-भुलेश्वरातली गुजराती-मारवाडी घरं आली, कोकणातून, उत्तर प्रदेशातून माणसं आली. सगळ्यांनी स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःचं संडास-बाथरूम मिळवलं. ज्यांनी चाळीच्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत पहाटे उभं राहून वर्षं काढली, त्यांच्यासमोर चाळीचे गोडवे कुणी गाऊ नयेत. चाळीत मुलींवर शंभर डोळे असायचे, आणि एकाच्या घरातलं भांडण सगळ्या मजल्याच्या करमणुकीचं व्हायचं.

तरी चाळीत एक सोय होती, तिचं मोल ती गेल्यावर कळतंय. वडिलांशी बिनसलं तर पोरगा चार दारं सोडून पलीकडे जेवायला बसायचा. तिथली मावशी त्याला वाढायची, काही विचारायची नाही, आणि रात्री तिचा नवरा गॅलरीत पोराच्या वडिलांना गाठून म्हणायचा, ‘अरे, त्याला नाही जायचं सायन्सला.’ जे वाक्य मुलाच्या तोंडून उद्धटपणा ठरलं असतं, ते शेजाऱ्याच्या तोंडून सल्ला ठरायचं. व्यायामशाळेचे मास्तर, भजनी मंडळातले बुवा, कॅरम क्लबचा सेक्रेटरी, गणपतीच्या देखाव्याला रात्रभर जागणारा कुणी दादा. प्रत्येक पोराला यांतलं एक तरी माणूस असायचं.

फ्लॅटमध्ये आल्यावर हे सगळं चार भिंतींत दोन माणसांवर येऊन पडलं. ती दोन माणसं सकाळी चर्चगेटकडे जातात आणि रात्री लोकलमधून चेंगरून परत येतात. उरलेल्या तासाभरात ती मुलाशी काय बोलणार? दिवसाचा हिशेब घेतात. अभ्यास झाला का, डबा संपवलास का, फी भरायची तारीख कधी. हिशेब घेणं हे प्रेमच आहे, यात मला शंका नाही. पण हिशेब देणारा माणूस मन मोकळं करत नाही.

त्यात शरीरही आपलं काम करत असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात डॅनियल एब्रम्स आणि विनोद मेनन यांच्या गटानं २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना त्यांच्या आईचा आवाज आणि अनोळखी बायकांचे आवाज ऐकवले. शब्द मुद्दाम निरर्थक ठेवले, म्हणजे फरक पडला तर तो आवाजामुळेच. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मेंदूत आनंद देणारे भाग आईच्या आवाजानं जास्त उजळले. तेरा ते सोळाच्या मुलांत उलट झालं. तिथे अनोळखी आवाजाला जास्त प्रतिसाद मिळाला. आई नकोशी झाली, असा याचा अर्थ नाही. घराबाहेरच्या जगात जगायचं आहे म्हणून मेंदू बाहेरच्या आवाजाकडे कान वळवतो, एवढंच. ज्या आईला वाटतं की आपलं काहीतरी चुकलं म्हणून लेक दूर गेली, तिला हे कुणीतरी सांगायला हवं. आणि लगेच पुढचा प्रश्नही विचारायला हवा: लेकीचा कान बाहेर वळलाच आहे, तर त्या कानावर कुणाचा आवाज पडतोय? जवळपास भल्या मोठ्या माणसाचा आवाज नसेल, तर मोबाइलमध्ये कुणाचा ना कुणाचा आवाज तयारच असतो.

झोपेचंही असंच. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी लवकर डोळा उघडत नाही, हे मेरी कार्स्काडन यांच्यासारख्या संशोधकांनी कित्येक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलं केलं. पण ज्या वयात पहाटे उठणं शरीराला सर्वांत जड जातं, ते आठवी ते बारावीचं वय त्या आदेशाबाहेर राहिलं. त्यामुळे सकाळी सातला चिडचिड, ‘आळशी’ हा शब्द, दाराचा आवाज, आणि रात्री अकराला जेव्हा मूल बोलण्याच्या मनःस्थितीत येतं तेव्हा घर निजलेलं. ज्या घरात कुणीतरी अकराला जागं असतं आणि उपदेश न करता दूध गरम करून देतं, त्या घरात बरंच काही बोललं जातं.

आपल्याकडे तरुणांशी ज्यांना मनापासून बोलता आलं, त्यांच्याकडे पाहिलं तर एक गोष्ट जाणवते. त्यांतली बरीचशी माणसं त्या मुलांची आईबाप नव्हती.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, मग तिथल्या छात्रालयाचे अधीक्षक. ‘श्यामची आई’ घराघरांत गेलं, त्यामुळे गुरुजी म्हटलं की आपल्याला डोळ्यांतलं पाणी आठवतं. आजच्या पालकांनी त्यांचं छात्रालयातलं काम जास्त बारकाईनं पाहावं, असं मला वाटतं. मुलं अंथरुणं पसरून तशीच शाळेत गेली तर गुरुजी गुपचूप घड्या घालून ठेवायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे. बोलायचं ते कागदावर बोलायचे. ‘छात्रालय दैनिक’ नावाचं हस्तलिखित ते मुलांसाठी रोज काढत. विचार करा, वसतिगृहाच्या अधीक्षकाकडे शिक्षेचा अधिकार असतो, हजेरीचं रजिस्टर असतं. हा माणूस मुलांसाठी वर्तमानपत्र लिहीत बसतो! वाचायचं तर वाचा, कुणी परीक्षा घेणार नाही. १९३० साली ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, पण लिहून बोलण्याची सवय सुटली नाही. पुतणी सुधाला लिहिलेली त्यांची पत्रं ‘सुंदर पत्रे’ या नावानं पुस्तकरूपात आली. निसर्ग, माणसं, देशात काय चाललंय, असं सगळं त्यांत आहे. एका काकानं पुतणीला मोठ्या माणसासारखं धरून लिहिलं.

आज जेसल पार्कमधल्या प्रत्येक काका-आत्याच्या खिशात व्हॉट्सॲप आहे. त्यावरून भाच्या-पुतण्यांना रोज सकाळी फुलांचं चित्र आणि सुविचार जातो, तोही दुसऱ्यानं पाठवलेला. मुलं तो उघडतसुद्धा नाहीत. त्याऐवजी आठवड्यातून एकदा स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या, ‘आज ऑफिसात अमुक झालं, मला राग आला, मग मी असं केलं,’ तर उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढेल. कारण त्यात मोठ्या माणसानं स्वतःचं काहीतरी आधी दिलेलं असतं.

दुसरं नाव र. धों. कर्वे यांचं. जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवलं. लैंगिक आयुष्याविषयी जे प्रश्न घरात तोंडातून निघत नसत, ते वाचक त्यांना लिहून पाठवत आणि ते सरळ, शास्त्राला धरून उत्तर देत. १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तो या उत्तरांवरूनच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी दंड झालाच. कर्व्यांना मूल नव्हतं. तो त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. आणि महाराष्ट्रातली किती तरुण माणसं आपला सगळ्यांत खाजगी प्रश्न त्यांच्या पत्त्यावर पाठवत होती! पुढे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून हेच काम समोरासमोर केलं: पाळी, हस्तमैथुन, आकर्षण, नकार, लग्न यांवर मुलामुलींशी नीट शब्दांत बोलणं. आपल्या उपनगरात मात्र दहावीच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा अजूनही ‘घरी वाचा’ म्हणून सोडला जातो, घरी टीव्हीवर चुंबन आलं की चॅनल बदलतो, आणि मग मुलगा शिकतो कुठून हे विचारायचीही सोय राहत नाही.

तिसरं उदाहरण पुण्याचं. लेखक अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हेलावले, मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते चालवलं डॉ. अनिता अवचट यांनी. तिथे एक गोष्ट फार विचारानं केली गेली. जे स्वतः व्यसनातून बाहेर पडले, तेच पुढे नव्यानं आलेल्यांशी बोलणारे कार्यकर्ते झाले. ‘दारू वाईट’ हे वडिलांनी शंभर वेळा सांगितलेलं असतं. ‘मीही घरातली भांडी विकली होती’ असं सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटलेला असतो.

हे सगळं आपल्याला का जमवायला हवं, याचं कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. यांतल्या प्रत्येक मुलाच्या आजूबाजूला मोठी माणसं होती. कुणाला मुलात बदल दिसला तर विचारायला भीती वाटते. आपण विषय काढला आणि त्याच्या डोक्यात नसलेलं शिरलं तर? संशोधन याच्या विरुद्ध सांगतं. ‘जीव द्यावासा वाटतो का रे तुला?’ असं शांतपणे, सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटू शकतं. हे विचारणारं माणूस आईच असायला हवं असं नाही. पुष्कळदा आईला दुखवायचं नाही म्हणूनच मूल गप्प असतं. ऐकून झाल्यावर ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ हे दोन शब्द मात्र काही केल्या तोंडून जाऊ नयेत. त्याला एकटं सोडू नये आणि घरच्यांना विश्वासात घ्यावं. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिथे दिवसरात्र मराठीतही बोलता येतं. शेजारच्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. दोन्ही नावं सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, मेन्टेनन्सच्या थकबाकीच्या यादीशेजारी लावायला कुणाची हरकत नसावी.

आणि मुलांशी बोलणं शिकायला लांब जायला नको. गोविंदा पथकाचा सराव बघा. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि मग दहीहंडीपर्यंत रोज रात्री मैदानात पोरं जमतात. तिथे पन्नाशीचा माणूस तळाच्या थराला असतो आणि कॉलेजचं पोरगं त्याच्या खांद्यावर पाय ठेवून वर जातं. घरी एका हाकेला न उठणारा मुलगा इथे ‘सरळ बघ, खाली बघू नकोस’ हे शब्दशः ऐकतो. कारण सांगणाऱ्यानं त्याचं वजन अंगावर घेतलंय. सराव संपल्यावर वडापाव खाताना तोच मुलगा त्याच काकांना विचारतो, ‘काका, आयटीआय केलं तर चालेल का?’ पथकांतली स्पर्धा, बक्षिसांच्या रकमा, पुढाऱ्यांचे फलक, अपघात, यांवर टीका करायला पुष्कळ जागा आहे आणि ती मी करतोच. पण भाईंदरमध्ये वेगवेगळ्या वयाची माणसं रोज एकत्र येऊन एखादं अवघड काम करतात, अशा जागा मोजक्याच उरल्यात, आणि ही त्यांतली एक. ढोल-ताशा पथक, नाट्यस्पर्धेच्या तालमी, खाडीकाठी निर्माल्य गोळा करणारे गट, हे सगळे त्याच जातीचे. समोरासमोर खुर्च्या मांडून ‘बोल आता’ म्हटलं की पोरं मिटतात. हाताला काम दिलं की तोंड उघडतं. चौपाटीवर चालताना, स्कूटरवर मागे बसलेला असताना, मटार सोलताना, नजर दुसरीकडे असताना अवघड गोष्ट सांगणं त्यांना सोपं जातं.

आपण मात्र वस्तीतल्या अशा जागा एकेक करून बंद करत आणल्या. इमारतीखाली ‘खेळण्यास सक्त मनाई’. गच्चीला कुलूप. सोसायटीचं ऑफिस सभेपुरतं उघडतं. लॉबीत चार मुलं उभी राहिली की वॉचमन हटकतो, कारण समितीनंच त्याला तसं सांगितलेलं असतं. मुलं मग चौपाटीच्या कठड्यावर जातात आणि आपण म्हणतो, घरात पाय ठरत नाही यांचा. गच्चीची किल्ली आठवड्यातून दोन संध्याकाळी द्यावी, ऑफिसात एक कॅरम बोर्ड मांडावा आणि एका ज्येष्ठ सभासदानं तिथे राखण म्हणून नाही, भिडू म्हणून बसावं. यासाठी कुठल्या अनुदानाची गरज नाही, एका ठरावाची आहे.

बोलण्याचा ओघ वरून खालीच यायला हवा, हाही एक जुना समज. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९७० साली लिहिलं होतं की जग इतक्या वेगानं बदललं तर मोठी माणसं काळात स्थलांतर केलेल्या लोकांसारखी होतात. त्या नव्या मुलखात जन्मलेली मुलंच त्यांना वाटा दाखवू शकतात. स्थलांतर म्हणजे काय, हे जेसल पार्कातल्या माणसांना कुणी समजावून द्यायला नको. लालबागहून इथे आल्यावर पाणी कधी येतं आणि शेअर रिक्षा कुठून सुटते, हे त्यांनी आधी आलेल्यांनाच विचारलं होतं. आता आजोबांना मोबाइलवरून लोकलचं तिकीट काढायचं असतं, पेन्शनसाठी हयातीचा दाखला घरबसल्या द्यायचा असतो. नातवानं ‘द्या इकडे’ म्हणून फोन हिसकावून अर्ध्या मिनिटात काम केलं तर दोघांनाही काही मिळत नाही. ‘मला करू दे, तू नुसतं सांग,’ असं आजोबांनी म्हणायला हवं.

यात खरी गरजही आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकानं ज्येष्ठांची आयुष्यभराची पुंजी लुटली जातेय. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये त्याबद्दल सावध केलं होतं. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस धमकावतो आणि सांगतो, घरात कुणाला कळता कामा नये. जी आजी नातीशी रोज काहीबाही बोलते, ती अशा वेळी खुणेनं तरी नातीला बोलावते. जी बोलत नाही, ती खोलीत एकटी बसून पैसे पाठवते. आणि तिकडे नातीलाही कुणीतरी फोटोवरून धमकावत असू शकतं, तेही हेच वाक्य म्हणून: घरात सांगू नकोस. दोघींसाठी तक्रारीचा क्रमांक एकच आहे, १९३०. येत्या रविवारी दोघींनी शेजारी बसून तो आपापल्या फोनमध्ये साठवून ठेवावा, आणि कुणाला कसा फोन आला होता, ते एकमेकींना सांगावं. सुरुवात आजीनं करावी.